कोऱ्या जर्सीचं वर्ष: बँक गेली, टीम राहिली

मागच्या महिन्यात आमच्या नागपूरच्या सायकल ग्रुपचा स्पॉन्सर पळाला. म्हणजे अगदी पळाला असं नाही, भेटला, चहा पाजला, आणि मग म्हणे भाऊ यंदा मार्केट डाउन आहे, पुढच्या वर्षी पाहू. चाळीस जर्सींचं डिझाइन फायनल झालेलं, छातीवर त्याच्या शोरूमचं नाव एवढं मोठं की आमच्या ग्रुपचं नाव खाली पोटावर गेलं होतं, आणि रामटेकच्या राइडला उरले होते अठरा दिवस. शोरूमचं नाव लिहीत नाही, रोज त्याच रस्त्याने जायचं असतं.

त्या रविवारी राइड झाल्यावर तर्री पोहे खाताना हाच विषय. आमच्यातले एक काका, साठी ओलांडली पण बुटीबोरीपर्यंत कोणाला पुढे जाऊ देत नाहीत, ते म्हणाले, "आपण कुठं काय जिंकतो बे? जिंकलो असतो तर स्पॉन्सर सोताहून घरी आला असता." सगळ्यांनी हाव हाव केलं. मला ते पटेना. मी पेशाने अकाउंटंट, त्यात पंधरा वर्षांपासून युरोपातल्या रोड रेसेस पाहायचं वेड, जुलै महिन्यात बायको मला घरातल्या माणसांत धरतच नाही. तिथे वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त रेसेस जिंकणारी टीम स्पॉन्सर नाही म्हणून बंद पडलेली मी पाहिली आहे, आणि जिच्याशी नाव जोडायला कोणी तयार नव्हतं ती टीम पुढे जाऊन सगळ्यांच्या छाताडावर बसलेली पण पाहिली आहे. पोहे संपेपर्यंत सांगून झालं नाही, म्हणून अख्खं प्रकरण लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट, कारण क्रिकेटच्या हिशोबाने विचार केला की ह्या धंद्याचं काहीच डोक्यात शिरत नाही. जामठ्याला मॅच असली की तिकीट असतं, गेट असतं, आतमध्ये समोसा पण त्यांच्याच भावाने घ्यावा लागतो. सायकलची रेस रस्त्यावरून जाते. उद्या टूर दे फ्रान्स, म्हणजे जुलैतली तीन आठवड्यांची ती सगळ्यात मोठी रेस, वर्धा रोडवरून गेली तर तिकीट कोणाला मागाल? लोक दुकानाच्या पायरीवर, गच्चीवर, डिव्हायडरवर उभे राहून फुकटात पाहतील आणि ती रेस दहा मिनिटात समोरून निघून जाईल. टीव्हीचे पैसे असतात, पण ते रेस भरवणाऱ्याच्या खिशात जातात, टूरच्या बाबतीत एएसओ नावाच्या फ्रेंच कंपनीच्या. टीमला त्यातून हिस्सा म्हणून काही मिळत नाही. बक्षीस म्हणाल तर टूर जिंकणाऱ्याला 5 लाख युरो, आणि ते पण तो एकटा ठेवत नाही, रिवाज असा की टीममधल्या पोरांत आणि मेकॅनिक-मालिशवाल्यांत वाटून टाकायचे. मग पंचवीस-तीस रायडर, त्यांचे कोच, डॉक्टर, बस, ट्रक, शेकडो चाकं, हॉटेलं, हे सगळं चालतं कशावर? जवळजवळ पूर्णपणे स्पॉन्सरच्या चेकवर. म्हणूनच टीमला गावाचं नाव नसतं, चेक देणाऱ्याचं असतं. टीम म्हणजे खरं तर एक छोटी मॅनेजमेंट कंपनी, लायसन्स आणि रायडरचे करार तिच्याकडे, आणि जर्सीवरचं नाव म्हणजे भाडेकरूच्या दारावरची पाटी. भाडेकरू बदलला की पाटी बदलते, घर तेच राहतं. राहिलं तर.

आता घराची वंशावळ ऐका, मला ही यादी वाचायला फार मजा येते. हॉलंडमध्ये 1983 च्या शेवटी टीआय-रॅले नावाची जबरदस्त टीम फुटली, मॅनेजर पीटर पोस्ट आणि स्टार रायडर यान रास यांचं पटलं नाही. पोस्ट गेला पॅनासॉनिककडे आणि रास काही पोरं घेऊन गेला क्वांटमकडे, क्वांटम म्हणजे पडदे-गालिचे विकणारी दुकानांची चेन. 1984 ला ही टीम सुरू झाली, रास आधी रायडर आणि मग तिचा मॅनेजर. 1985 ला ह्याच टीमचा योप झूटेमेल्क 38 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला (काकांना हे सांगितल्यावर ते दोन प्लेट पोहे जास्त खाऊन गेले). 1987 ला पाटी बदलली, सुपरकॉनफेक्स, कपड्यांची दुकानं. 1990 ला बकलर, म्हणजे हायनेकेनची बिनअल्कोहोलची बिअर, आणि ह्या बकलरचा किस्सा असा की 1989 च्या थर्टी फर्स्टला टीव्हीवरच्या एका कॉमेडियनने बकलर पिणाऱ्यांची इतकी टर उडवली की हॉलंडमध्ये बारमध्ये उभं राहून बकलर मागायची लोकांना लाज वाटायला लागली आणि शेवटी हायनेकेनने तिथून तो माल काढूनच घेतला. म्हणजे टीम रस्त्यावर घाम गाळतेय आणि छातीवरच्या नावाला लोक हसतायत. 1993 ला वर्डपरफेक्ट, टायपिंगचं सॉफ्टवेअर, ज्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर टायपिंग केलंय त्यांना आठवेल. 1994 ला वर्डपरफेक्टच नॉव्हेलने विकत घेतलं, म्हणून 1995 ला जर्सीवर नॉव्हेल. बारा वर्षांत पाच नावं. ह्यात एकही स्पॉन्सर टीम हरली म्हणून गेला असं म्हणता येत नाही, कोणाचा प्लॅन बदलला, कोणाचा माल पडला, कोणी स्वतःच विकला गेला.

आणि 1996 ला आली राबोबँक. इथे जरा थांबतो, कारण ही बँक आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. राबोबँक ही सहकारी बँक, शेतकऱ्यांच्या पतपेढ्यांतून वाढलेली. नावातला 'रा' म्हणजे राइफआयझन, तो जर्मन माणूस ज्याने एकोणिसाव्या शतकात गावोगावी शेतकऱ्यांच्या पतसंस्था काढायची पद्धत घालून दिली, आणि त्याच पद्धतीचा अभ्यास करून इंग्रजांनी 1904 ला आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा आणला. आपल्या गावातल्या सोसायटीचा आणि त्या बँकेचा पणजोबा एकच. तर अशी बँक, हॉलंडच्या गावागावात शाखा, आणि तिथे सायकल म्हणजे प्रत्येकाच्या घरात. बँकेने नुसती वरची टीम नाही घेतली, खाली तरुण पोरांची टीम, बायकांची टीम, सगळं पोसलं. निळी-नारिंगी जर्सी, आणि ती राहिली सतरा वर्षं. ह्या धंद्यात सतरा वर्षं म्हणजे एका भाडेकरूने घरात पोरांची लग्नं करण्याइतका काळ. ऑस्कर फ्रेरे ह्याच जर्सीत तीनदा मिलान-सान रेमो ही इटलीतली एका दिवसाची मोठी रेस जिंकला, 2004, 2007 आणि 2010, मेन्शॉव्हने 2009 चा जिरो, म्हणजे इटलीची टूरसारखी तीन आठवड्यांची रेस, आणला. पैसा वेळेवर, शिस्त डच.

पण टूर काही येत नव्हती. आणि 2007 ला आली आली म्हणता ती गेली, आणि कशी गेली ते सांगतो.

25 जुलै 2007. पिरेनीज पर्वतातला कोल दोबिस्क घाट. राबोबँकचा डॅनिश रायडर मायकेल रासमुसेन, अंगावर पिवळी जर्सी (टूरमध्ये एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची), काटकुळा, चढावर एकेकाला मागे टाकत वर पोचला आणि स्टेज, म्हणजे त्या दिवसाचा टप्पा, जिंकला. पॅरिसला, म्हणजे टूर संपायला, चार दिवस राहिले होते, टूर जवळजवळ खिशात. लोक त्याला शिट्ट्या मारत होते, कारण आधीच बोभाटा झालेला की हा डोपिंगच्या टेस्टवाल्यांना आपला खरा पत्ता सांगत नाही. रायडरला आपण कुठल्या दिवशी कुठे असू हे आधी कळवून ठेवावं लागतं, म्हणजे टेस्टवाले न सांगता दारात येऊ शकतात. ह्याने सांगितलेलं जूनमध्ये मेक्सिकोत होतो, आणि एका जुन्या इटालियन रायडरने, दाविदे कसानीने, टीव्हीवर सहज कौतुकात बोलून टाकलं की हा पठ्ठ्या जूनमध्ये आमच्या इटलीत डोलोमाइट्समध्ये पावसात प्रॅक्टिस करताना मला दिसला. कौतुक करायला गेला आणि पोराचा बाजार उठला. त्याच संध्याकाळी टीमने रासमुसेनला पिवळ्या जर्सीसकट रेसमधून काढलं. स्वतःच्या टीमने. दुसऱ्या दिवशी सकाळी रेस पिवळ्या जर्सीशिवाय निघाली.

मला विचाराल तर बँकेने त्याच दिवशी पाटी काढली असती तर कोणी बोललं नसतं. पण नाही काढली. मॅनेजर बदलला, नियम कडक केले, पैसे चालू राहिले. ह्याला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी म्हणेल दुर्लक्ष. माझ्या मते दोन्ही, स्पॉन्सरला पण सवय लागते, नोकरी लागलेल्या माणसाला पगाराची लागते तशी.

मग 2012. 10 ऑक्टोबरला अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेचा, युसाडाचा, अमेरिकन रायडर लान्स आर्मस्ट्राँगवरचा रिपोर्ट बाहेर आला, त्याच्या जुन्या साथीदारांचे कबुलीजबाब आणि ढीगभर कागद. त्यात कबुली देणाऱ्यांपैकी लिव्हाय लायफायमर हा मधली तीन वर्षं राबोबँककडून चालवत होता. नऊ दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, बँकेने जाहीर केलं की आम्ही प्रोफेशनल सायकलिंगमधून बाहेर पडतोय, हा खेळ स्वच्छ होईल यावर आमचा विश्वास राहिला नाही. सतरा वर्षांचा संसार एका पत्रकार परिषदेत.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते ना, सगळी ईडापीडा रोगराई त्या पुतळ्यावर टाकायची आणि गावाबाहेर नेऊन जाळायची, घेऊन जा गे मारबत. त्या ऑक्टोबरमध्ये ही टीम तशी मारबत झाली होती. त्यात काही खोटं होतं असं पण नाही, पुढच्या चार-पाच महिन्यात रासमुसेनने सांगून टाकलं की तो 1998 पासून 2010 पर्यंत बंदी असलेली औषधं घेत होता, आणि हॉलंडचा लाडका मायकेल बोखर्ड पण कबूल झाला. पण जळत कोण होतं? ज्यांनी केलं ते तर बरेचसे आधीच रिटायर. जर्सीत उरले होते पंचविशीतले पोरं, मेकॅनिक, बसचा ड्रायव्हर. आणि ऑक्टोबर महिना म्हणजे पुढच्या सीझनच्या बाकी टीमा भरून झालेल्या, नोकरी शोधायची तरी कुठे.

आता ह्या प्रकरणातला खरा कागद येतो आणि माझ्यातला अकाउंटंट जागा होतो.

बँकेने नाव काढलं पण पैसे नाही काढले. रायडर आणि स्टाफशी झालेले करार होते ते पाळायचे ठरले, आणि 2013 चं वर्ष टीम बँकेच्या पैशावर चालली पण बँकेच्या नावाशिवाय. म्हणजे भाडेकरू पाटी काढून निघून गेला, पण वर्षभराचं भाडं टेबलवर ठेवून गेला. मग टीमला नाव काय द्यायचं? त्यांनी ठेवलं ब्लँको. ब्लँको म्हणजे कोरा. विदर्भात राहून हे वाचताना हसू येतं, सातबारा कोरा करा म्हणून आपल्याकडे मोर्चे निघतात आणि तिथे शेतकऱ्यांच्या बँकेने खरंच एका टीमची छाती कोरी करून दिली. (बायकांच्या टीमवर मात्र बँकेचं नाव राहिलं, मारियाना व्होस 2012 च्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकचं गोल्ड घेऊन आली होती, ते नाव पुढे 2016 पर्यंत चाललं. विश्वास उडाला म्हणणाऱ्यांचा विश्वास सगळीकडून सारखा उडत नाही.)

टीम सांभाळायला आला रिचर्ड प्लुगे, आधीचा पत्रकार. त्याच्या हातात काय होतं पाहा, लायसन्स, पोरांचे करार, बस, आणि बारा महिने. नाव नाही, अब्रू नाही, पण बारा महिने. जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडरमध्ये टॉम-येल्टे स्लाख्टर कोऱ्या जर्सीत जिंकला, लोकांनी पाहिलं की अरे ही पोरं अजून आहेत. आणि जूनच्या शेवटी, टूर सुरू व्हायला आठवडा पण उरला नव्हता, बेल्किन ही अमेरिकन कंपनी आली, केबल आणि राउटर बनवणारी. जर्सी रातोरात हिरवी. त्या टूरमध्ये बाउके मोलेमा बरेच दिवस वरच्या दोघा-तिघांत होता, शेवटी सहावा आला.

काकांचं म्हणणं इथे आठवा, जिंकलो असतो तर स्पॉन्सर घरी आला असता. मग दुसरी टीम पाहा. 2011, एचटीसी-हायरोड. ही पण एका जळलेल्या घरातून निघालेली, जर्मन टी-मोबाइलने 2007 च्या नोव्हेंबरात डोपिंगला कंटाळून हात वर केले आणि बॉब स्टेपलटन नावाच्या अमेरिकन माणसाने तीच टीम पुढे चालवली. मार्क कॅव्हेंडिश हिचा स्प्रिंटर. 2009 ला टूरमध्ये सहा स्टेज, 2010 ला पाच, 2011 ला परत पाच आणि वर टूरची हिरवी जर्सी, पॉइंट्समध्ये पहिला येणाऱ्याची. चार सीझनमध्ये पुरुष-बायका मिळून साडेचारशेच्या वर विजय, इतकं तेव्हा कोणीच जिंकत नव्हतं. आणि 2011 ची टूर संपून दोन आठवडे झाले नाहीत तर ऑगस्टच्या सुरुवातीला स्टेपलटनने सांगितलं, बंद करतोय, एचटीसी पुढे नाही, नवीन कोणी मिळालं नाही, दुसऱ्या टीमशी एकत्र यायचं पण जमलं नाही. पोरांची सोय झाली, कारण ऑगस्ट म्हणजे ट्रान्सफरचा सीझन, चांगल्या रायडरला लोक वाटच पाहत असतात, कॅव्हेंडिश स्कायला, टोनी मार्टिन क्विक-स्टेपला, बाकीचे पांगले. टीम मेली. पुढच्या महिन्यात कॅव्हेंडिश आणि मार्टिन दोघं वर्ल्ड चॅम्पियन झाले, एक रोड रेसचा, एक टाइम ट्रायलचा, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या रेसचा. म्हणजे जिच्या पोरांची ही लायकी, तिला भाडेकरू मिळाला नाही.

दोन्ही फाइल शेजारी ठेवा. एकीकडे विजयांचा डोंगर आणि हातात वेळ शून्य, सीझन संपला की पैसा संपला. दुसरीकडे बदनामी, ना मोठा स्टार ना मोठा विजय, पण एक वर्ष आधीच भरलेलं. जगली ती दुसरी. स्पॉन्सर शोधायला वेळ लागतो, मोठी कंपनी असेल तर बजेट आधीच्या वर्षी ठरतं, चार मीटिंगा, दोन वकील, एक साहेब सुट्टीवर. स्टेपलटनकडे जे नव्हतं ते प्लुगेला राबोबँकने दिलं, आणि मला नाही वाटत बँकेने ते दयेपोटी दिलं, करार होता म्हणून दिलं. त्या कराराच्या कलमाने टीम वाचवली. कॅव्हेंडिशचे पाय पण ते काम करू शकले नाहीत.

पुढची गोष्ट सरळ नाही, आणि ती सरळ करून सांगणारे खोटं बोलतात. बेल्किनचा करार 2015 च्या शेवटपर्यंत होता पण ते 2014 संपतानाच निघाले. त्याच वर्षी लार्स बूमने टूरमध्ये पावसात, दगडी फरशीच्या चिखलात स्टेज जिंकून दिला होता, तरी निघाले. 2015 ला डच लॉटरी आणि जंबो हे सुपरमार्केट मिळून आले, जर्सी पिवळी-काळी, बजेट तंग, आणि त्या वर्षी विजय इतके कमी की मोजायला दुसरा हात कसाबसा लागला. 2016 च्या जिरोमध्ये स्टीव्हन क्राउसवाइक आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी घालून तीन मिनिटांच्या लीडने चालला होता, शेवटून तिसऱ्या दिवशी कोल्ले देल्लान्येल्लो घाट उतरताना रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीवर जाऊन आदळला, सायकलसकट हवेत कोलांटी, बरगडी मोडली, आणि शेवटी चौथा. मी तेव्हा ऑफिसमध्ये मोबाइल टेबलखाली धरून पाहत होतो, तोंडातून "अरे बाप्पा" इतक्या जोरात निघालं की साहेबांनी विचारलं कोण गेलं.

पण त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, स्पेनच्या व्हुएल्टामध्ये, तिकडच्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, रॉबर्ट गेसिंक एक स्टेज जिंकला. कुठे? कोल दोबिस्क. तोच घाट, जिथे नऊ वर्षांपूर्वी रासमुसेन जिंकून रात्री हाकलला गेला होता. गेसिंक 2007 ला राबोबँकमध्ये प्रोफेशनल झालेला, बँकेच्या पोरांच्या टीममधून वर आलेला, आणि 2024 ला रिटायर होईपर्यंत त्याने टीम बदललीच नाही. राबोबँक, ब्लँको, बेल्किन, लोट्टोएनएल-जंबो, जंबो-विस्मा, विस्मा-लीज अ बाइक, सहा नावांच्या जर्सी आणि माणूस एकाच घरात. मला ह्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात आवडता माणूस तोच. टूर कधी जिंकला नाही, पण टीम म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी जर्सी नाही दाखवणार, गेसिंक दाखवीन.

मग चढ लागला. प्रिमोझ रोग्लिच, स्लोव्हेनियाचा, आधी बर्फावरून स्की जंप मारणारा, 2016 ला आला तेव्हा त्याचं नाव कोणाला नीट उच्चारता येत नव्हतं, त्याने 2019, 2020, 2021 लागोपाठ तीन व्हुएल्टा घेतल्या. (2020 ची टूर त्याच्या हातातून शेवटच्या टाइम ट्रायलला दुसऱ्या टीमच्या पोगाचारने हिसकावली, तो दिवस मी आठवत नाही, आठवायचा नाही.) योनास विंगेगार्ड, डेन्मार्कचा, मासळीच्या कारखान्यात काम करून सायकल चालवणारा पोरगा, 2019 ला आला आणि 2022 ला टीमला पहिली टूर दिली, 2023 ला दुसरी. आणि ते 2023 असं की जिरो रोग्लिच, टूर विंगेगार्ड, व्हुएल्टा सेप कस, तिन्ही मोठ्या रेसेस एकाच वर्षी एकाच टीमने, असं आधी कोणत्याच टीमने केलं नव्हतं. व्हुएल्टात तर पहिला, दुसरा, तिसरा, तिघं ह्यांचेच. काही लोक म्हणाले की इतकं चांगलं चांगलं नसतं, संशय घेणारे आजही घेतात आणि ह्या खेळाचा इतिहास पाहता मी कोणाची शपथ खाणार नाही.

काका, आता इकडे लक्ष द्या. ज्या सप्टेंबरमध्ये ही टीम तिसरी रेस जिंकली त्याच महिन्यात बातमी फुटली की ती बेल्जियमच्या सूडाल क्विक-स्टेपशी एकत्र व्हायची बोलणी करतेय. कारण? जंबो चाललं होतं. सुपरमार्केटने निर्णय घेतलेला की आता स्पॉन्सरशिप बस. जगातली सगळ्यात भारी टीम, आणि मालक लोक पेपरवर गणित मांडून राहिले की पुढच्या वर्षीचे पगार कुठून. ऑक्टोबरात ते एकत्र येणं फिसकटलं. मग लीज अ बाइक आलं, सायकली भाड्याने देणारी कंपनी, पॉन नावाच्या डच ग्रुपची, आणि टीमच्या सायकली बनवणारी सर्व्हेलो पण त्याच पॉनची, म्हणजे घरातल्याच माणसाने पाटी लावली. विस्मा, नॉर्वेची सॉफ्टवेअर कंपनी, आधीपासून होतीच, ती पुढे आली. जर्सी पिवळी-काळीच राहिली. घर परत वाचलं, आणि 2025 ला सायमन येट्सने जिरो आणि विंगेगार्डने व्हुएल्टा घरी आणली.

ह्या वेळी का वाचलं? जंबोने आपण जाणार हे बरंच आधी सांगून ठेवलं होतं, आणि दोन भाडेकरू असल्याने एक गेला तरी दुसऱ्याचं भाडं चालू होतं. 2011 ला स्टेपलटनकडे ह्यातलं एकही नव्हतं. क्राउसवाइक बर्फात पडला तेव्हा टीमचं काही वाटोळं झालं नाही, आणि तिन्ही रेसेस जिंकल्या तेव्हा टीम सुरक्षित पण झाली नाही.

पोह्यांच्या गाडीवर हे सगळं ऐकून आमच्यातल्या एका पोराने विचारलं, "मंग आपल्याला काय करा लागते ते सांग ना." आपलं प्रमाण लहान आहे हे मला कळतं. आमची चाळीस लोकांची टोळी, फुटाळ्याला जमायचं, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असल्याने सकाळी पाचला निघून नऊच्या आत घरी, आमच्यातलं कोणी कोल दोबिस्क चढणार नाही, सेमिनरी हिल्सलाच फेस येतो. ह्याच शहराच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 ला अमेरिकेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतची रॅम एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली, ती वेगळी जात, आम्ही रविवारवाले. पण चाळीस जर्सी, एक टेम्पो, पाणी, केळी, फर्स्ट एड, एवढ्याचा तरी हिशोब लागतोच, आणि आमच्या शोरूमवाल्याशी आमचा कागद काय होता? काहीच नाही. व्हॉट्सॲपवर एक अंगठा.

मी ॲडमिनला तीन ओळी लिहून दिल्या. एक, अर्धे पैसे सीझन सुरू व्हायच्या आधी ग्रुपच्या खात्यात. दोन, एक मोठं नाव न घेता दोन मध्यम नावं, एक छातीवर, एक पाठीवर. तीन, सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण सहा महिने आधी सांगा आणि चालू सीझनचं भागवून जा. ॲडमिन म्हणाला, "एवढं वाचून कोण देईन बे पैसे?" काका गप्प होते, मग म्हणाले, "देत नशीन तर पांढऱ्या जर्सीत जाऊ रामटेकले. त्याइनं केलं नं एक वर्ष."

तर रामटेकला आम्ही कोऱ्याच जर्सीत गेलो, पांढरं कापड, पोटावर ग्रुपचं नाव, छाती रिकामी. खिंडसीला चहा प्यायला थांबलो तर टपरीवाल्याने विचारलं, नाव नाही का टाकलं, छापायचं राहून गेलं काय. नंतरच्या आठवड्यात एका चष्म्याच्या दुकानवाल्याने आणि एका फिजिओथेरपीवालीने होकार दिला. फिजिओबाईंनी तीन ओळींचा कागद पूर्ण वाचला, सही केली. चष्मेवाल्याने तिसरी ओळ दोनदा वाचली, मग विचारलं, "सहा महिन्याऐवजी चार चालतीन का?" त्यावर अजून ग्रुपमध्ये भांडण चालू आहे.